गाडीत न चढलेली माणसं

मास्तर बसत नसत. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहत आणि तासभर उभ्याउभ्या बोलून झालं की ती जिथून आणली तिथे स्वतः नेऊन ठेवत. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी उभ्याने झाली होती, त्यामुळे बसलं की डोकं चालत नाही असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात कंडक्टरला मास्तरच म्हणतात. निवृत्त झाले, तरी ते नाव त्यांच्यामागून गेलं नाही. आता ते शिराळ्याकडे त्यांच्या गावी असतात आणि तिथेही उभेच असतील याबद्दल मला शंका नाही.

मी तेव्हा पालिकेच्या परिवहन विभागात होतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि मी. गावाची हद्दवाढ झाली, आजूबाजूच्या चार वाड्या पालिकेत आल्या आणि पालिकेने सहा लहान गाड्या घेऊन शहर बससेवा सुरू केली. दोन वर्षांत तक्रारींची फाईल गाड्यांपेक्षा जोरात धावू लागली. मग आमच्या मुख्याधिकारी मॅडमनी सेवेचा आढावा घ्यायचं ठरवलं आणि सल्लागार म्हणून मास्तरांना आणलं. मला ते अजिबात आवडलं नाही. मी पदवीधर माणूस, संगणकावर रंगीत तक्ते करणारा, आणि माझ्या डोक्यावर हा खाकी शर्टातला म्हातारा.

पहिल्या दिवशी मी त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली, किती वाजता, सगळं तिकिटाच्या मशीनमधून आलेलं. मास्तरांनी ते शांतपणे पाहिलं. लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्या त्यांना आवडल्याही असाव्यात, कारण एका पट्टीवर त्यांनी बोट फिरवलं.

"साहेब, ह्ये चढल्याली झाली," ते म्हणाले. "चढली न्हाईत ती कुठं हायत?"

जो चढलाच नाही तो मशीनमध्ये कसा येणार, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. मास्तरांनी खुर्ची उचलली आणि जिथून आणली तिथे नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीच्या मागून चालायला सुरुवात केली. गाडीत बसून पाहणी करणारे मी पाहिले होते, गाडीच्या मागून चालणारा पहिलाच. गाडी गेली की तिच्यामागून दहा-पंधरा मिनिटं हे त्याच रस्त्याने चालत निघत. हातात कागद नाही, पेन नाही. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. गाडी चुकून मागे राहिलेलं, हात करूनही ज्याच्यासाठी गाडी थांबली नाही असं, किंवा गाडी येणार की नाही याचा नेम नसल्यामुळे वडापच्या, म्हणजे खासगी भाड्याच्या, जीपला लोंबकळून गेलेलं माणूस दिसलं, की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. संध्याकाळी माझ्या टेबलावर ते डावा खिसा रिकामा करत आणि कुठला चिंचोका कुणाचा ते तोंडी सांगत. ही दवाखान्यात चाललेली म्हातारी, हा कॉलेजचा पोरगा, ही भाजीवाली, हिची पाटी गाडीत घेत न्हाईत. मी ते टंकत बसे. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस मला कारकून करून सोडणार. नंतर कळलं की मी कारकूनच होतो.

मास्तरांच्या तोंडात एक प्रश्न कायम असे. बैठकीत कुणी लांबण लावली, आकडे फेकले, शासनाच्या धोरणावर बोलू लागलं, की मास्तर भिंतीला टेकल्या जागेवरून अगदी नम्रपणे विचारत, "उतरायचं कुठं, तेवढं सांगा." बांधकाम सभापतींना त्यांनी हे भर सभेत विचारलं. सभापती आधी लाल झाले, मग हसले आणि खरोखरच दोन वाक्यांत बोलून मोकळे झाले. पुढे मॅडमही हा प्रश्न विचारायला शिकल्या आणि आमच्या बैठका निम्म्या वेळेत संपू लागल्या.

कंडक्टरी मात्र अंगातून गेली नव्हती. माझ्या बहिणीच्या लग्नाला त्यांना बोलावलं, तर अक्षतांना मंडपाच्या दाराशी गर्दी झालेली पाहून ते तिथे उभे राहिले आणि म्हणू लागले, "पुढं सरका, मदी लय जागा हाय, दारात थांबू नका." लोकही मुकाट्याने सरकले. आमच्या मामांनी तर सवयीने खिशात हात घातला. मुलाकडच्यांना वाटलं, आम्ही व्यवस्थेला माणूस नेमलाय.

त्यांचं ओळखपत्र तीनदा हरवलं. कुठलाही अर्ज त्यांनी कधी पुरा भरला नाही. वडापवाल्यांशी भर चौकात हुज्जत घालत, आणि ती घालून झाल्यावर त्याच वडापवाल्याबरोबर अर्धा अर्धा चहा पीत. माझ्यासारख्या नेटक्या माणसाला हा सगळा प्रकार रोज छळायचा. पण त्यांच्या पाहणीतून जे निघायचं ते माझ्या एकाही तक्त्यातून निघालं नव्हतं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

उदाहरणार्थ, सकाळची दुसरी गाडी रोज उशिरा सुटायची. मी त्या चालकाला दोन नोटिसा काढल्या होत्या. मास्तर एक सकाळभर स्टँडवर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले की स्टँडवरच्या मुतारीला कुलूप असतं, चालक रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जातो, त्यात वेळ जातो. किल्ली आरोग्य विभागाकडे होती. ती मास्तरांनी स्वतः जाऊन आणली. दुसऱ्या दिवसापासून गाडी वेळेवर सुटू लागली आणि मी नोटिसा फाईलमधून काढल्या.

आणखी एक प्रसंग मी लपवला असता, पण तो सगळ्या पालिकेला माहीत आहे. म्हाताऱ्या बायका आमच्या गाड्यांत चढायला कुरकुर करतात, अशी तक्रार होती. पायरीची उंची नियमात बसते, असं मी कंपनीचं पत्र दाखवून सांगत होतो. मास्तरांनी मला गाड्यांच्या आवारात नेलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि माझे दोन्ही गुडघे एकत्र बांधले. म्हणाले, साडीत पाय एवढाच फाकतो, आता चढा. चालक, मेकॅनिक, झाडूवाल्या मावशी, सगळे उभे होते. मी चढायला गेलो आणि तोंडावर आपटलो, नडगी सोलून निघाली. मास्तरांनी मला उचललं, धूळ झटकली आणि म्हणाले, "आता डोस्क्यावर पाटी घिऊन बगायचं का?" आठ दिवसांत सगळ्या गाड्यांना खाली एक जादा पायरी जोडून झाली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलोय ती गोष्ट वाडीच्या गाडीची.

हद्दवाढीत आलेल्या वाड्यांपैकी सगळ्यात लांबची वाडी कॅनॉलच्या पलीकडे होती. चहूकडे ऊस, मधे शे-दीडशे घरं, एक देऊळ, देवळासमोर पार. तिथे जाणारी गाडी रिकामी धावायची. सकाळी सातच्या फेरीला कधी दोन माणसं, कधी एकही नाही. ही फेरी बंद करून गाडी बाजाराच्या रस्त्यावर वळवावी असा प्रस्ताव मी तयार केला होता. मला त्याचं वाईट वाटत होतं, कारण तिथला थांबा मीच जागा बघून ठरवला होता. गावाच्या अगदी मध्यावर, पाराला लागून, स्वच्छ पत्र्याची पिकअप शेड. तिच्यावर नगरसेवकांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि माझं कुठेच नव्हतं, पण माझ्या मनाने ती माझी होती.

मास्तर आठ दिवस त्या वाडीला जात राहिले. रोज संध्याकाळी डावा खिसा भरलेला. मी विचारलं, तिथे चढायला कुणी नसतं, तर हे चिंचोके कुणाचे? ते म्हणाले, उद्या संगं या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीच्या अलीकडे अर्धा किलोमीटरवर, कॅनॉलच्या फाट्यावर उभे होतो. अजून उजाडत होतं. एकेक करून बायका येऊ लागल्या. कपडे शिवायच्या कारखान्यात जाणाऱ्या, दूध घेऊन निघालेल्या, पोराला दवाखान्यात नेणारी एक. नर्सिंग कॉलेजचा पांढरा कोट हातावर घेतलेली एक तरुण सून. अकरा-बारा जणी उसाच्या कडेला उभ्या राहिल्या. गाडी आली. त्यांनी हात केला. गाडी त्यांच्यासमोरून वाडीकडे गेली, पाराजवळ वळली, रिकामीच परत आली, त्यांनी पुन्हा हात केला आणि गाडी पुन्हा त्यांच्यासमोरून गेली. मग त्या पदर खोचून हमरस्त्याकडे चालू लागल्या. तिथे वडाप मिळायचं. मिळालं तर.

गाडी का थांबली नाही हे मला माहीत होतं. आदेश माझाच होता. फाट्यावर आंधळं वळण आहे, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि तिथे थांबलेल्या गाडीवर मागून एक मोटरसायकलवाला येऊन आदळला होता. तेव्हापासून थांब्याशिवाय गाडी थांबवायची नाही असं मी सगळ्या चालकांना लेखी कळवलं होतं. कॅनॉलच्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर दुसरी सुरक्षित जागा नव्हतीच. थांबा हवा तर तो पाराजवळच. मी त्या नर्सिंगवाल्या मुलीला गाठून विचारलं, एवढी चांगली शेड बांधलीय, तिथे का उभ्या राहत नाही? तिने मान खाली घातली. तिच्याबरोबरची थोराड बाई म्हणाली, "आवं, पारावर मामंजी बसत्यात, थोरलं मामंजी बसत्यात. त्यांच्या म्होरं अर्धा घंटा उभं कसं ऱ्हायाचं?"

मी याच मुलखातला. माझी आईसुद्धा माझ्या आजोबांसमोर कधी उभी राहिली नाही, दाराआडून बोलायची. आणि गावातल्या सगळ्या सासऱ्यांच्या पुढ्यात मी सुनांसाठी थांबा बांधला होता. मास्तरांनी मला त्याबद्दल एक शब्द सुनावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं की त्या मुलीचं दुसरं वर्ष आहे. चालत गेलं की पहिला तास बुडतो, हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि गाडी बंद झाली तर घरचे तिला घरीच बसवणार आहेत, तसं ते बोलूनही झालंय.

बैठकीत मी उभा राहिलो आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. थांबा माझा, आदेशही माझा. मॅडमनी ऐकून घेतलं. वळणावर गाडी थांबवायला त्या तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी महिन्याची मुदत दिली. पाराजवळच्या थांब्यावर माणसं दिसली तर फेरी राहील, नाहीतर बंद.

मग मास्तर मला घेऊन पारावर गेले. पारावर सात-आठ म्हातारे होते. त्यात सगळ्यांत वडीलधारे आबा, त्या मुलीचे चुलत सासरे, जुने फौजी, ताठ बसलेले. मास्तर अर्थातच उभे. तासभर उसावर बोलणं झालं. कुठलं बी, पाणी किती दिवसांनी, कडेगावकडे तोड कधी लागली. मी मनातल्या मनात विचारत होतो, उतरायचं कुठं. शेवटी मास्तर म्हणाले की आबा, तुमच्या सुना तुमचा मान फार ठेवतात.

"आमच्यात रीतच हाय ती," आबा म्हणाले. मिशीवरून हात फिरला.

मास्तरांनी मग फाट्यावरचं सगळं सांगितलं. उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या बायका, रिकामी जाणारी गाडी, महिनाअखेरीस बंद होणारी फेरी, बुडणारा तास. आबांचा चेहरा कडक झाला.

"म्हंजी रीत मोडायची म्हन्ता?"

"न्हाई आबा. रीत ऱ्हाऊ द्या. तुमी कुठं बसायचं तेवढं बगा."

आबा उठून उभे राहिले. हा पार त्यांच्या आज्यापासूनचा आहे, त्यांनी इथून उठायचं आणि कुठे जायचं, असं ते मोठ्या आवाजात बोलले, आणि आम्हाला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मी मास्तरांवर चिडलो. एवढ्या वयाच्या माणसाला असं तोंडावर सांगायचं असतं का? मास्तर म्हणाले, दुसरं कुणाच्या तोंडावर सांगायचं मग.

तीन आठवडे काही घडलं नाही. गाडी रिकामी जात होती, बायका फाट्यावर उभ्या राहत होत्या. मास्तर रोज सातच्या गाडीने वाडीला जायचे आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना रामराम घालून परत यायचे. रामरामाला उत्तर मिळत नव्हतं. मी फेरी बंद करण्याचा आदेश टंकून ठेवला, फक्त तारीख घालायची बाकी होती.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेलो. फाट्यावर बायका होत्याच. त्यांना मागे टाकून गाडी पाराशी येऊन थांबली आणि चालकाने इंजिन बंद केलं. पार मोकळा होता. एकही माणूस नव्हता. मला वाटलं, गावात कुणी गेलं की काय. तेवढ्यात देवळाच्या मागल्या अंगाला पांढऱ्या टोप्या दिसल्या. सगळे म्हातारे तिथे पोती अंथरून, आमच्याकडे पाठ करून बसले होते.

त्यातून आबा उठले. काठी घेऊन आमच्यासमोरून गेले, आमच्याकडे बघितलंही नाही. फाट्याच्या दिशेने बरंच चालत गेले आणि बायका दिसतील एवढ्या अंतरावर थांबले. मग रस्त्याकडे पाठ फिरवून, उसाकडे तोंड करून, फौजेत द्यायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "थांब्यावर जावा. पारावर कोन न्हाई. गाडी थांबलीया."

ते तसेच उसाकडे तोंड करून उभे राहिले. बायका आधी हलल्याच नाहीत. मग ती नर्सिंगवाली निघाली, तिच्यामागून दुसरी, आणि मग सगळ्याच डोक्यावरचा पदर धरून पळत सुटल्या. चालकाने माझ्याकडे पाहिलं. वेळ होऊन गेली होती आणि वेळेवर सुटायचा आदेशही माझाच होता. मी थांबायला सांगितलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी चालकाला दिसू दिले नाहीत.

सगळ्या चढल्यावर आबा परत आले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "साहेब, देवळामागं वारं लय लागतंय. तितं बी एक शेड द्या."

ती शेड आम्ही दिली.

त्या सकाळी परतीच्या वाटेवर गाडी भरलेली होती. बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, पोरगं रडत होतं, दुधाची किटली माझ्या पायाशी होती. मास्तर दांडा धरून उभे होते आणि मी त्यांच्या बाजूला. मी त्यांना विचारलं की वाडीच्या पाहणीला पहिल्या दिवशी ते थांब्यावर न जाता सरळ फाट्यावर कसे गेले. सगळ्या पालिकेत हे दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

मास्तरांनी दांड्यावरचा हात बदलला.

"आमच्या गावच्या गाडीवर मी बावीस वर्सं व्हतो," ते म्हणाले. "पारावर आमचा बा बसायचा. आमची ही म्हैन्या-पंधरवड्याला फाट्यावर उभी असायची. मला वाटायचं, मला बगाय येतीया. मी खिडकीतनं हात करायचो आन् डबल बेल दिऊन म्होरं जायचो."

मी पायाशी कलंडणारी किटली सावरली.

"तिला म्हायेराला जायाचं असायचं. आई आजारी व्हती तिची. ही वारल्यावर मेव्हणीनं सांगितलं मला."

घरी त्या कधीच काही बोलल्या नाहीत का, असं मी विचारलं.

"बोलली असती तरी मी काय केलं असतं, साहेब?" मास्तर म्हणाले. "थांबा न्हवता तितं."